पोर्ट एकवीस, उत्पादक अज्ञात

दहा वाजून एक्केचाळीस मिनिटांनी पडद्यावरची ओळ मध्येच थांबली आणि जोव्हिलिन खुर्चीत पुढे सरकली.

ओळ तशी साधीच होती. स्विच तीन, पोर्ट एकवीस, उत्पादक अज्ञात. पुढे एकामागून एक ठिपके पडत होते, ते पडायचे बंद झाले. मग दोन शब्द उमटले: उत्तर नाही.

बर्फाच्या कारखान्यात संगणकवालीला फारसं कुणी विचारत नाही. जेनसान शहराच्या मासळी बंदरावर मान असतो तो ट्यूना उचलणाऱ्यांना, बर्फ फोडणाऱ्यांना आणि यंत्रघरातल्या माणसांना. जोव्हिलिन म्हणजे प्रिंटर अडकला की आठवणारी बाई. तिला लागून पाच महिने झाले होते. सहा महिने भरले की कायद्याने कायम करावं लागतं, म्हणून त्याच्या आतच माणसाला गोड बोलून घरी धाडायची रीत इकडे चांगली मुरलेली आहे. त्याला 'एन्दो' म्हणतात, आणि तो शब्द कॅन्टीनमध्ये कुणी मोठ्याने उच्चारत नाही. जोव्हिलिनचे एकोणीस दिवस उरले होते. रोज सकाळी दात घासताना ती ते मोजायची.

अशात विमा कंपनीचं पत्र आलं. कारखान्यात तारेला जोडलेलं जे जे काही असेल त्याची यादी द्या. कोणत्या स्विचच्या कोणत्या पोर्टवर आहे, कुणी बनवलंय, सगळं. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत. पाळीचे व्यवस्थापक गाल्वेस साहेब पत्र तिच्या टेबलावर ठेवून म्हणाले, "हे तूच बघ दाय. तुझ्याशिवाय कुणाला कळतंय यातलं?" दाय म्हणजे पोरी. कौतुक करता करता काम गळ्यात मारण्यात साहेबांचा हात धरणारा बंदरावर दुसरा कुणी नव्हता.

हाताने वायरी मोजत बसली असती तर दोन आठवडे गेले असते. तिने स्क्रिप्ट लिहिली. पायथनमध्ये असल्या कामाच्या लायब्रऱ्या आयत्या मिळतात. आपण शे-दीडशे ओळी जोडल्या की झालं. स्विच म्हणजे इमारतीच्या दारावरचा वॉचमन. कोणत्या पोर्टवर कोण आहे असं त्याला विचारलं की तो वही उघडून सांगतो. प्रत्येक यंत्राला एक पत्ता असतो, आणि त्या पत्त्याचा पहिला अर्धा भाग म्हणजे यंत्राचं आडनाव. आडनावावरून घराणं कळतं, म्हणजे बनवणारी कंपनी. गुरुवारी संध्याकाळपर्यंत एकशे चौतीस यंत्रं सापडली: प्रिंटर, कॅमेरे, हजेरीची मशीनं, कॅन्टीनमधला टीव्ही, आणि पॅकिंगच्या बायकांनी मालिका बघायला गुपचूप जोडलेलं एक वायफाय. वायफायबद्दल जोव्हिलिन कुणाला काही बोलली नाही.

एकाच यंत्राचं आडनाव काही लागेना.

त्या संध्याकाळी मेरिएन्दाच्या, म्हणजे कॉफी-खाण्याच्या वेळी तिने ही गंमत निनोंगना सांगितली. निनोंग म्हणजे लग्नात साक्षीला उभा राहिलेला धर्मपिता. तेरोय मागानाव, वय एकसष्ट, त्या कारखान्याच्या यंत्रघरात अठ्ठावीस वर्षं. बाकीचे त्यांना नुसतं नोंग म्हणायचे, म्हणजे दादा. जोव्हिलिन आणि रुएलच्या लग्नात तेच उभे होते, रुएलला हाताखाली घेऊन त्यांनीच काम शिकवलं होतं, आणि जोव्हिलिनचा अर्जही तेच साहेबांकडे घेऊन गेले होते.

"म्हणजे तुझा तो प्रोग्राम प्रत्येकाच्या दारात जाऊन विचारतो, तू कोण, कुणाचा?" निनोंग पांदेसालचा पाव कॉफीत बुडवत म्हणाले.

"दारात नाही जात, निनोंग. वॉचमनला विचारतो. यंत्राला पत्ताही लागत नाही."

"आधी ताबी आपो म्हणतो का?"

टेबलावरचे सगळे हसले. वारुळाजवळून किंवा जुन्या झाडाखालून जाताना तिथे राहणाऱ्याला धक्का लागू नये म्हणून ताबी आपो म्हणायचं, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. निनोंग ते मशीनलाही म्हणायचे. सुरू करण्याआधी पॅनेलवर बोटाच्या पेरांनी दोनदा टकटक करायची, मग बटण.

"तुमचं आता वय झालं," रुएल म्हणाला. "यंत्रात काय भूत असतं होय?"

"भूत नसतं. स्वभाव असतो. मी अठ्ठावीस वर्षं नांदतोय त्याच्याबरोबर. तू तुझ्या बायकोबरोबर किती, दोन? तुला काय कळणार?"

शुक्रवारी सकाळी ती एक रिकामी जागा जोव्हिलिनला दातात अडकल्यासारखी सलू लागली. एकशे चौतिसांपैकी एकच अज्ञात; तशीच यादी पाठवली असती तर विमावाल्यांनी भुवईसुद्धा उचलली नसती. पण एकोणीस दिवस उरलेल्या माणसाला रिकामी जागा परवडत नाही. तिच्याकडे दुसरी एक लायब्ररी होती. ती वॉचमनला विचारत नाही, थेट यंत्रापाशी जाते आणि त्याची एकेक दारं ठोठावते. यंत्राला आत अशी हजारो दारं असतात. त्यांनाही पोर्टच म्हणतात, गोंधळ घालायची या धंद्याला जुनीच हौस. कोणत्या दारातून काय उत्तर येतं, यावरून यंत्र ओळखता येतं. जोव्हिलिनने स्क्रिप्टमध्ये एक नियम घातला: उत्पादक सापडला तर सोडून दे, अज्ञात असेल तर सगळी दारं ठोठाव, आणि लवकर आटप.

ज्याला कुणी ओळखत नाही त्याचीच जास्त उलटतपासणी घ्यायची. पोलीसही तेच करतात. तिला त्यात काही गैर वाटलं नाही. पण कारखान्यात अज्ञात निघणार कोण? इतकं जुनं यंत्र, की त्याला बनवणारी कंपनी कधीच बुडाली आणि आडनावही यादीतून पुसलं गेलं. नवीन यंत्रांना असले धक्के सोसतात. आणि स्क्रिप्ट नेमकी त्या एकट्या म्हाताऱ्याच्या छातीवर धपाधप बुक्क्या मारायला निघाली होती. आपण फार शहाणे आहोत असं वाटतं, त्याच दिवशी माणूस असली चूक करतो.

उत्तर नाही.

जोव्हिलिनने खणातून वायरींचा नकाशा काढला. स्विच तीन, नियंत्रण कक्षाच्या मागची भिंत. पोर्ट एकवीससमोर पेन्सिलने लिहिलं होतं: 'मालकांच्या मोबाईलसाठी'. गेल्या वर्षी मालकांना घरबसल्या आकडे बघायचे होते, म्हणून यंत्रघरातून एक वायर ऑफिसात ओढली होती. तिच्या दुसऱ्या टोकाला मोठ्या कॉम्प्रेसरची नियंत्रण पेटी होती. बर्फ गोठवणाऱ्या अमोनिया वायूचा दाब बघणं, थंड करणारं पाणी सोडणं, पंप पाळीपाळीने चालवणं, हे सगळं ती पेटी करायची.

आणि यंत्रघरात सकाळी सहापासून दोन माणसं होती. निनोंग आणि रुएल.

तिने पेटीला एक हलकीशी हाक मारून पाहिली. काही नाही. पुन्हा मारली. काही नाही. दहा त्रेचाळीस. येईल शुद्धीवर, ती स्वतःलाच म्हणाली. पुष्कळ यंत्रं अशी बावचळतात आणि आपसूक पुन्हा सुरू होतात.

खरं तर तेव्हाच उठून ओरडायला हवं होतं. पण ओरडायचं म्हणजे काय म्हणायचं? मी फोडलं? आणि एवढ्यावर थांबलं असतं तरी ठीक. मशीनला एक कटआउट असतो. दाब फार चढला तर पेटीला न विचारता मशीन बंद पाडणं एवढंच त्याचं काम. ट्यूनाच्या ऐन हंगामात तो दिवसातून दोनदा उगाचच पडायला लागला, बर्फ अडायला लागलं, तेव्हा तीन आठवड्यांपूर्वी गाल्वेस साहेबांनी तोंडी सांगितलं, "हंगाम संपेपर्यंत बांधून टाका." तांब्याची तार घेऊन तो बांधला रुएलने. घरी भात वाढताना त्याने हे खालच्या आवाजात सांगितलं होतं आणि वर म्हणाला होता, कुठे बोलू नकोस. आता आरडाओरड झाली, माणसं धावली, तर तार दिसणार. साहेबांनी तोंडी सांगितलं होतं. हात रुएलचे होते. एकाच घरातल्या दोन नोकऱ्या एकाच दगडाखाली.

तिने कॉफीची पुडी फोडली, मगात गरम पाणी ओतलं आणि तो हातात घेऊन नियंत्रण कक्षाकडे निघाली. सहज आल्यासारखं दिसावं म्हणून. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, त्यातली गत.

साहेब पाय पसरून बसले होते. समोर मोठा पडदा, त्यावर हिरव्या अक्षरांत दाब: १८२.

जोव्हिलिनचा जीव भांड्यात पडला. एकशे ब्याऐंशी म्हणजे अगदी जसा हवा तसा. तिला हसूही आलं. कॉफीचा घोट घ्यायला तिने हातातला मग वर केला आणि तेव्हा तिचं लक्ष पडद्याच्या कोपऱ्यातल्या छोट्या घड्याळाकडे गेलं. पेटीचं स्वतःचं घड्याळ होतं ते. त्यात दहा एक्केचाळीस वाजले होते. भिंतीवरच्या घड्याळात दहा शेहेचाळीस.

तो आकडा दाब नव्हता. पाच मिनिटांपूर्वी मेलेल्या यंत्राने शेवटचा उच्चारलेला शब्द होता तो. आत्ता आत दाब किती आहे, हे त्या खोलीत कुणालाच ठाऊक नव्हतं.

"काय गं, भूत बघितल्यासारखी काय उभी राहिलीस?" साहेब म्हणाले. "यादी झाली?"

"होतेय, सर." तिने पडद्याकडे बोट केलं. "हा आकडा... एरवी हलतो ना जरा?"

"हलतो, थांबतो. माझ्या सासूबाईंसारखा आहे. बसला की बसला." साहेबांनी समोरच्या वहीत अकराच्या रकान्यात १८२ लिहूनही टाकलं होतं. अकरा वाजायला अजून चौदा मिनिटं होती. यंत्राजवळ जाऊन काटा वाचून यायचा आणि मग लिहायचं, असा नियम होता. पडदा आल्यापासून त्या नियमाला कुणी भीक घालत नव्हतं.

इंटरकॉम खरखरला. मागे यंत्राची घरघर, आणि तिच्यावरून निनोंगचा आवाज.

"साहेब, मशीनचा आवाज जरा जड येतोय. आकडा काय म्हणतो?"

"एकशे ब्याऐंशी, नोंग! लोण्यासारखं चाललंय."

"नक्की?"

"डोळ्यासमोर आहे की. कान तपासून घ्या एकदा, अठ्ठावीस वर्षं झाली त्यांना." साहेबांनी जोव्हिलिनकडे बघून डोळा मिचकावला.

जोव्हिलिनचं तोंड उघडलं होतं. शब्द जिभेवर आला होता. निनोंग, खोटं आहे ते, बाहेर या. एवढंच. तिला पुढचं सगळं दिसलं: साहेबांचा चेहरा, तार, रुएलची मान खाली, गेटवर परत केलेली दोघांची ओळखपत्रं. तिने ओठ मिटले. इंटरकॉम बंद झाला.

ती तिथेच उभी राहिली. भीतीने माणूस पळतो म्हणतात. तिचे पाय जमिनीला चिकटले होते. येईल, आत्ता येईल शुद्धीवर, आकडा हलेल. एकशे त्र्याऐंशी हो. एकशे एक्क्याऐंशी हो. तुझ्या पाया पडते, काहीही हो. १८२. कपाळावरून घाम निघून भुवईत साचत होता आणि तो पुसायला हात वर जात नव्हता.

दहा अठ्ठेचाळीस. इंटरकॉम पुन्हा खरखरला.

"साहेब, माझं मन मानत नाही. पायाखालची फरशी वेगळी लागतेय."

"अहो नोंग, तुम्ही म्हणजे ना..." साहेब वैतागले. "बरं, असं करा, रुएलला पाठवा वर. शिडी चढून मशीनच्या डोक्याजवळ बघून येऊ दे. तुमचं समाधान, माझं समाधान."

"सर, नको!" जोव्हिलिन ओरडली. हातातला मग खाली पडला, कॉफी साहेबांच्या बुटांवर. "रुएलला नका पाठवू! आकडा खोटा आहे, सर. पेटी मेलीय. मी मारली. माझ्या स्क्रिप्टने. घड्याळ बघा, ते घड्याळ बघा!"

साहेबांनी पडद्यावरचं घड्याळ पाहिलं. मग भिंतीवरचं. मग त्यांनी पडद्यावरच्या लाल चौकोनावर बोट दाबलं. पुन्हा दाबलं. हिरवे आकडे जसेच्या तसे.

"तो दाबून काही होणार नाही, तो त्याच पेटीतून जातो!"

"क-कटआउट आहे ना. कटआउट पाडेल."

"तो बांधलाय."

"कुणी सांगितलं तुला?"

"ज्याने बांधलाय तो माझ्या घरी जेवतो, सर."

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. तरी त्यांचा हात भोंग्याच्या खटक्याकडे जाईना. भोंगा म्हणजे अख्खं बंदर रिकामं, धक्क्यावर उतरलेला ट्यूना उन्हात, मालकांचा फोन. जोव्हिलिनने त्यांना खांद्याने बाजूला सारलं आणि खटका ओढला. दहा एकोणपन्नास.

बाहेर माणसं पळत होती. या बंदरावर पळण्याचीही शिस्त असते: आधी छपरावरची कापडी पिशवी बघायची, वारा कुठला ते पाहायचं, मग त्याच्या आडवं पळायचं. सगळे गेटकडे चालले होते. जोव्हिलिन उलटी पळाली. कुणीतरी तिचा दंड धरला, तिने हिसडा दिला. एक चप्पल गेली.

यंत्रघराच्या दाराशी ट्रे होता. ठिणगीच्या भीतीने मोबाईल तिथेच काढून ठेवायचे. ट्रेमध्ये निनोंगचा फोन वाजत होता. पडद्यावर नाव होतं गाल्वेस साहेबांचं. आत मशीनचा आवाज तिच्या दातांत कळत होता.

रुएल कानावरचं झाकण काढत बाहेर आला. "काय झालं? तू इथे काय करतेस?"

तिने त्याच्या शर्टाला दोन्ही हातांनी धरलं. "निनोंग कुठेत?"

"काटा बघायला गेले. म्हणाले, पडदा गेला खड्ड्यात, मी माझ्या डोळ्यांनी बघतो."

उघड्या दारातून ते दिसत होते. काट्याखाली उभे, गळ्यातला ओला टॉवेल नाकावर ओढलेला. काटा लाल पट्टीच्या पार पलीकडे गेला होता. निनोंगनी हात लांब करून भिंतीवरचं लाल बटण दाबलं. मशीनचा आवाज खाली खाली येत गेला आणि थांबला. जोव्हिलिनला वाटलं, झालं, सुटलो. पण निनोंग बाहेर आले नाहीत. ते मुख्य झडपेकडे वळले. मशीन थांबलं तरी कोंडलेला दाब आतच असतो, झडप हाताने बंद करावी लागते, आणि हे अठ्ठावीस वर्षांत त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं?

त्यांनी चाकाला हात घातला आणि शेजारच्या जुन्या सांध्याचं पॅकिंग उडालं.

फस्सकन आवाज झाला आणि खोलीतलं सगळं पांढरं झालं. अमोनियाचा वास ज्याने घेतला नाही त्याला सांगून कळायचा नाही, आणि ज्याने घेतलाय त्याला सांगायची गरज नाही. रुएलने भिंतीवरचा मुखवटा ओढला, तोंडावर चढवला आणि आत घुसला. जोव्हिलिन ओरडत राहिली, कुणाचं नाव ते तिलाही कळत नव्हतं. पांढऱ्यातून आधी रुएलची पाठ दिसली, वाकलेली, उलटी चालत येणारी. तो निनोंगना काखेत धरून फरफटत आणत होता.

दाराबाहेरच्या नळाखाली त्यांना बसवलं. डोळ्यांवर पाणी धरायचं, पंधरा मिनिटं, एक सेकंद कमी नाही, हे भिंतीवरच लिहिलेलं होतं. निनोंगच्या पापण्या घट्ट मिटल्या होत्या. जोव्हिलिनने त्या आपल्या बोटांनी उघडून धरल्या, ते तिच्या हातावर मारत होते, ओरडत होते, आणि ती पंधरा मिनिटं पापण्या उघड्या धरून बसली.

संध्याकाळी रुग्णालयाच्या बाकड्यांवर बसायला जागा नव्हती. पॅकिंगच्या बायकांनी पान्सितच्या शेवयांचं मोठं भांडं आणलं होतं. येणारा प्रत्येक जण जोव्हिलिनच्या पाठीवर हात ठेवायचा. तू होतीस म्हणून. तू धावत गेलीस म्हणून. धक्क्यावर दोनशे माणसं होती, दाय, दोनशे. ती मान हलवत होती आणि ताटलीतलं पान्सित तसंच होतं.

गाल्वेस साहेब तिला जिन्याच्या कोपऱ्यात घेऊन गेले. "मशीन जुनं होतं. जुनी मशीनं बंद पडतात, त्याला कोण काय करणार? तारेचं काय ते मी बघून घेतलंय, ती आता तिथे नाही. तू वेळेवर सांगितलंस, सगळ्यांना तेवढंच माहीत आहे आणि तेवढंच पुरे. यादी सोमवारी दे. आणि तुझ्या कायम होण्याचं मी स्वतः बोलतो." झाकली मूठ सव्वा लाखाची. साहेबांनी आपली मूठ झाकली होती आणि तिचीही झाकून दिली होती. तिला फक्त गप्प राहायचं होतं, आणि ते तिला किती छान जमतं हे तिला सकाळीच कळलं होतं.

डॉक्टर म्हणाले, उजवा डोळा गेला. डाव्याचं दहा दिवसांनी सांगू.

रुएल भिंतीला टेकून उभा होता. "पाणी बंद पडलं होतं," तो स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला. "एक पंप थांबला आणि दुसऱ्याला हुकूम मिळायच्या आत पेटी गोठली. नशीब बघ. अजून पाच-सहा मिनिटं आधी कळलं असतं ना, तर दाब इतका चढलाच नसता. सांधा टिकला असता." मग तिचा चेहरा पाहून घाईघाईने म्हणाला, "तुला नाही गं म्हणत. तू तर वाचवलंस सगळ्यांना."

तो पाणी आणायला गेला आणि ती आत गेली.

निनोंगच्या दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या होत्या. ओठ सुजले होते. "दाय ना?" आवाज खरवडल्यासारखा येत होता. "ये. बस."

तिने त्यांचा हात कपाळाला लावला, मोठ्यांना लावतात तसा. त्यांनी तो परत घेतला नाही, तिचं मनगट धरून ठेवलं.

"माझंच चुकलं बघ," ते म्हणाले. "मला कळलं होतं आवाजावरून. मी विचारलं, तर साहेब म्हणाले एकशे ब्याऐंशी. मी म्हटलं, म्हातारपण, कान फसवतायत. तिथेच गेलो असतो काट्याकडे, तर? इतक्या वर्षांच्या कानांपेक्षा पडद्यावर विश्वास ठेवला. रडू नकोस. तुझा काय दोष? तुला कळल्याबरोबर तू भोंगा वाजवलास."

आता नुसतं हो म्हणायचं होतं. म्हातारा स्वतःच सगळं स्वतःच्या अंगावर घेत होता. खांद्यावरच्या पिशवीतल्या लॅपटॉपमध्ये सेकंदासकट वेळ लिहून ठेवलेली होती, पण ती वाचणार कोण होतं? जोव्हिलिनला इतकी भीती वाटत होती की सकाळची भीती त्यापुढे काहीच नव्हती.

"मला दहा एक्केचाळीसला कळलं, निनोंग," ती म्हणाली. "भोंगा एकोणपन्नासला वाजवला."

निनोंग म्हणजे दर तासाचे आकडे वहीत लिहिण्यात अर्धं आयुष्य गेलेला माणूस. वजाबाकीला त्यांना वेळ लागला नसणार.

"मी विचारलं तेव्हा तू कुठे होतीस?"

"तिथेच. साहेबांच्या शेजारी उभी."

"आकडा खोटा आहे, हे माहीत होतं?"

"होतं."

दाराशी पावलं थांबली. रुएल पाण्याची बाटली घेऊन उभा होता. किती वेळ, ते तिला कळलं नाही.

"दुसऱ्यांदा विचारलं मी," निनोंग सावकाश म्हणाले. त्यात राग नव्हता. काटा वाचावा तसं ते एकेक वाचत होते. "तेव्हाही तू काही बोलली नाहीस. मग साहेब म्हणाले, रुएलला पाठवा. आणि तू ओरडलीस. मला ऐकू आलं होतं ते. इंटरकॉम चालू होता."

"हो, निनोंग."

त्यांनी तिच्या मनगटावरचा हात काढला आणि चादरीवर ठेवला. रुएल दारातच उभा राहिला. आत यावं की परत फिरावं, हे त्याला ठरवता येत नव्हतं.